प्रोटीन-ए लावलेले मॅग्नेटिक बीड्स: टाकलं त्यापेक्षा जास्त प्रोटीन सुपरनेटंटमध्ये कसं काय दिसतं?

पेडण्याची_पोर

नमस्कार सगळ्यांना. एमएस्सी बायोटेकच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रोजेक्ट म्हणून आयर्न ऑक्साईडचे नॅनोपार्टिकल घेतलेत, त्यांच्यावर प्रोटीन-ए (अँटिबॉडी धरून ठेवणारं जिवाणूचं प्रोटीन) बसवायचं, सीरममध्ये सोडायचे, अँटिबॉडी धरल्या की मॅग्नेट लावून बाजूला काढायचे, एवढंच. विकतचे बीड्स डिपार्टमेंटला परवडत नाहीत आणि मला खरंच हे स्वतः बनवून बघायचंय, म्हणून गाईडनी हो म्हटलं.

काय केलं ते सांगते. फेरिक क्लोराईड हेक्साहायड्रेट ५.४ ग्रॅम, फेरस क्लोराईड टेट्राहायड्रेट २ ग्रॅम, ८० डिग्रीला नायट्रोजन सोडत ठेवलं आणि अमोनिया घातला, घातल्या घातल्या काळंभोर झालं. मग ट्रायसोडियम सायट्रेट घालून तासभर तापवलं आणि धुतलं. इथपर्यंत सगळं छान, पाण्यात एकदम एकजीव, शाईसारखं दिसतं. पण मॅग्नेट लावला तर रात्रभर ठेवूनही वरचं पाणी तांबूसच राहतं.

नंतर १० मिलिग्रॅम पार्टिकल एमईएस बफरमध्ये पीएच ५.५ ला घेऊन ईडीसी आणि एनएचएस (कणांवरचे कार्बॉक्सिल प्रोटीनशी जुळायला तयार करणारी रसायनं) घातलं, १५ मिनिटं ठेवलं, आणि याच वेळी सगळं रव्यासारखं फुटून खाली बसलं. एकदा धुतलं, त्यावर १ मिलिलीटर प्रोटीन-ए घातलं, १ मिलिग्रॅम पर मिलिलीटर, रात्रभर ४ डिग्रीला फिरवत ठेवलं. सकाळी मॅग्नेट लावून वरचं सुपरनेटंट (कण बाजूला गेल्यावर उरलेलं पाणी) २८० नॅनोमीटरला, म्हणजे प्रोटीन जो यूव्ही प्रकाश शोषतं त्यात, बघितलं. घालायच्या आधी प्रोटीनचं रीडिंग ०.१६ होतं, सुपरनेटंटचं आलं ०.५८. म्हणजे घातलं त्याच्या तिपटीहून जास्त प्रोटीन बाहेर आलं?? गाईड म्हणतात कपलिंग (प्रोटीन कणाला जोडलं जाणं) झालेलंच नाही. पण नाही झालं तरी ०.१६ च्या वर जायचं कारण काय?

तरी पुढे गेले. बोकडाचं सीरम (मटणवाल्याकडून रक्त आणलेलं) लावलं, धुतलं, पीएच २.८ च्या ग्लायसीनने एल्यूट केलं, म्हणजे धरलेलं अॅसिडने सोडवून घेतलं. एल्यूशन हलकं पिवळट आलं आणि जेलवर ५० आणि २५ किलोडाल्टनला (अँटिबॉडीच्या जड आणि हलक्या साखळ्या) जवळजवळ काहीच नाही, ६६ ला मात्र अल्ब्युमिनचा ठसठशीत बँड. नक्की कुठे बिघडलंय ते कळत नाहीये. प्रोटीन-ए ची वायल आता अर्ध्याच्या खाली आलीय, त्यामुळे पुढची रन विचार करूनच करायचीय. कोणी या भानगडीतून गेलं असेल तर प्लीज सांगा.

ताळगाव_पठार

कण बनवायची कृती बरोबर आहे, तुझं मोलचं प्रमाण फेरसला एक आणि फेरिकला दोन असं नीट बसतंय, त्यामुळे ते सोडून दे. फक्त ढवळायला मॅग्नेटिक स्टरर वापरला नाहीस ना? वापरला असशील तर अर्धा माल त्या पांढऱ्या बारलाच चिकटून बसला असणार, या कामाला वरून ढवळणारा मोटरचा स्टररच लागतो.

आता ०.५८ चं. गाईडना सांग की या आकड्यावरून कपलिंग झालं किंवा नाही झालं, दोन्ही म्हणता येत नाही. २८० ला जे प्रोटीन दिसतं ते मुख्यतः ट्रिप्टोफॅन आणि थोडंफार टायरोसिनमुळे, आणि प्रोटीन-ए च्या त्या पाचही बाईंडिंग डोमेनमध्ये ट्रिप्टोफॅन एकसुद्धा नाही, टायरोसिनही मोजकेच. म्हणून तर १ मिलिग्रॅमला ०.१६ आलं. हेच आयजीजी (सीरममधली मुख्य अँटिबॉडी) असतं तर १.४ च्या जवळ आलं असतं. म्हणजे तुझं प्रोटीन या वेव्हलेंग्थला जवळपास आंधळं आहे, आणि त्याच वेळी एनएचएस २६० च्या आसपास जबरदस्त शोषतं आणि त्याची शेपटी २८० वर येते. तू एकदाच धुतलंस, म्हणजे उरलेलं एनएचएस आत राहिलं, शिवाय पार्टिकलवर जो एनएचएस एस्टर बनला तो प्रोटीनशी जोडला गेला काय किंवा पाण्याने तुटला काय, दोन्ही वेळेला एनएचएस सुटून सुपरनेटंटमध्येच येतं. वर तू म्हणतेस तसं मॅग्नेटला न आलेले बारीक कण वर तरंगत असतील तर आयर्न ऑक्साईड यूव्हीमध्ये भरपूर शोषतं, डोळ्याला पाणी स्वच्छ दिसत असलं तरी. या तिघांची बेरीज तुला ०.५८ दिसली.

याची खात्री करायला प्रोटीन खर्च करायची गरजच नाही. एक ब्लँक ट्यूब लाव, तेच पार्टिकल, तेच ईडीसी, तेच एनएचएस, तेवढंच धुणं, फक्त प्रोटीनच्या जागी नुसता बफर. सकाळी तिचं सुपरनेटंट बघ आणि एकाच वेव्हलेंग्थवर न थांबता २४० ते ३५० पूर्ण स्कॅन घे. २६० ला टेकाड दिसलं तर ते एनएचएस, आणि ३५० लाही रीडिंग शून्यावर येत नसेल तर लोखंड शिल्लक आहे. प्रोटीन मोजायला ब्रॅडफर्ड (डायच्या रंगावरून मोजायची टेस्ट) कर, पण स्टँडर्ड कर्व्ह प्रोटीन-ए चाच काढ, बीएसएचा (गायीच्या अल्ब्युमिनचा) काढू नकोस. ब्रॅडफर्डचा डाय मुख्यतः आर्जिनिन धरतो, प्रोटीन-ए मध्ये आर्जिनिन कमीच, त्यामुळे बीएसएच्या कर्व्हवर टाकलंस तर प्रोटीन उगाच कमी दिसेल आणि तुला वाटेल सगळं बीडवर बसलं. बीसीए ही दुसरी प्रोटीन टेस्ट टाळ, लोखंड त्यात लुडबुड करतं.

रव्याचं कारण वेगळं. सायट्रेटचे कण पाण्यात सुटे राहतात ते फक्त त्यांच्यावरच्या ऋण चार्जमुळे, कार्बॉक्सिल एकमेकांना लांब ढकलतात. तू ईडीसी-एनएचएस घातलंस आणि तेच कार्बॉक्सिल एनएचएस एस्टर झाले, म्हणजे चार्ज गेला, वर पीएच ५.५, मग ढकलायला उरलं कोण? एकमेकांना चिकटणारच. साध्या एनएचएसऐवजी सल्फो-एनएचएस घे, त्याच्यावर स्वतःचा ऋण चार्ज असतो म्हणून अॅक्टिव्हेट झालेले कणही सुटे राहतात. एवढा एक बदल केलास तरी फरक दिसेल. धुताना गार एमईएसने भराभर धू आणि लगेच प्रोटीन घाल, कारण ७ पीएचला हा एस्टर काही तास तग धरतो पण ८.६ ला ४ डिग्रीतसुद्धा साधारण १० मिनिटांत अर्धा संपतो. मी कपलिंग ७.४ च्या आसपास करतो.

आणि मॅग्नेटने न येण्याबद्दल, मॅग्नेट कणाला ज्या जोराने ओढतो तो कणाच्या आकारमानावर अवलंबून. १० नॅनोमीटरच्या कणाला पाण्याच्या रेणूंचे धक्केच जास्त, मॅग्नेटची ओढ त्यापुढे नगण्य. २०० नॅनोमीटरचा पुंजका घेतलास की आकारमान ८००० पट होतं आणि तो दोन मिनिटांत भिंतीला लागतो. म्हणून बारीक कणांचे पुंजके करून त्यावर सिलिकाचं कवच चढवायचं, ही माझ्या मते तुझ्या कामाची खरी वाट. टीईओएस (ज्यापासून सिलिका बनते ते रसायन), इथेनॉल, थोडं पाणी आणि अमोनिया, स्टोबरची १९६८ पासूनची पद्धत. टीईओएस कमी कमी घाल, नाहीतर सिलिकाचे रिकामे गोळे वेगळे तयार होतात.

वेर्णा_शिफ्ट

मी वेर्ण्याला अँटिबॉडी प्युरिफिकेशनमध्ये आहे, पार्टिकल बनवण्यातलं मला फारसं कळत नाही पण प्रोटीन-ए शी रोजचा संबंध आहे म्हणून लिहिते. वरच्या दादांनी केमिस्ट्रीचं सांगितलंच आहे, मी पुढचं बोलते.

बाय, तू बोकडाचं सीरम का घेतलंस? प्रोटीन-ए सगळ्या जनावरांच्या आयजीजीला सारखं धरत नाही. माणूस (त्यातही आयजीजी-३ सोडून), ससा, डुक्कर, कुत्रा, गिनी पिग यांची आयजीजी घट्ट धरतं. शेळी-मेंढीची कमकुवत, त्यातली आयजीजी-१ तर जेमतेम. शेळीला प्रोटीन-जी लागतं. आणि कोणी अंड्यातली अँटिबॉडी काढ म्हणून सुचवलं तर कोंबडीच्या आयजीवायला ए पण धरत नाही आणि जी पण नाही. म्हणजे तुझं कपलिंग १०० टक्के झालं असतं तरी तुझं जेल आता दिसतंय तसंच रिकामं दिसलं असतं. ज्या टेस्टमध्ये चांगला बीड पण नापास होतो ती टेस्ट बीडबद्दल काहीच सांगत नाही. पुढच्या वेळी आधी प्युअर सशाची किंवा माणसाची आयजीजी घे, रिएजंट म्हणून छोटी वायल मिळते, त्यातली मोजून १०० मायक्रोग्रॅम बीड्सना दे, किती धरली, किती परत आली ते बघ. माझ्या मते तुझ्या प्रोजेक्टचा मुख्य आकडा हाच असायला हवा. बीडवर किती प्रोटीन-ए बसलं यापेक्षा त्याने किती अँटिबॉडी धरून परत दिली हे महत्त्वाचं, कारण बसलेलं सगळंच प्रोटीन काम करतं असं नाही, काही उलटं बसतं, काही एकमेकांखाली दबतं. आयजीजी स्वतःच १० ते १५ नॅनोमीटरची आहे, तुझ्या मूळ कणाएवढी किंवा मोठीच, तिला टेकायला जागा हवी.

दुसरं, प्रोटीन-ए ची वायल कुठल्या बफरमधून सुकवलेली आहे ते लेबलवर बघितलंस का? बऱ्याच वेळा ट्रिस असतं. ट्रिसवर अमाईन आहे, ग्लायसीनवर पण आहे, ती छोटी मॉलिक्यूल प्रोटीनच्या आधी एस्टरवर जाऊन बसतात आणि प्रोटीनला जागाच उरत नाही. आधी डिसॉल्ट किंवा डायलिसिस करून मगच कपलिंगला घे. कपलिंग संपलं की मात्र हेच ट्रिस किंवा इथेनॉलअमाईन मुद्दाम घालायचं, उरलेले एस्टर बंद करायला.

तिसरं, ईडीसी. पावसाळ्यात आपल्याकडची हवा कशी असते माहीतच आहे, ईडीसी ओल ओढतं आणि मेलं की वरून काही कळत नाही, पांढरी पावडर ती पांढरीच दिसते. फ्रीजरमधून काढलेली बाटली लगेच उघडू नकोस, डेसिकेटरमध्ये ठेव, रूम टेंपरेचरला आली की मगच झाकण काढ. शक्य असेल तर नवीन बाटली आली की त्याच दिवशी छोट्या छोट्या कुप्यांत वाटून ठेव.

आणि ६६ चा तो अल्ब्युमिन. सीरममध्ये अल्ब्युमिन आयजीजीपेक्षा कितीतरी जास्त असतं, ते कुठल्याही उघड्या पृष्ठभागाला चिकटतं. वॉशमध्ये ०.०५ टक्के ट्वीन-२० घाल, मीठ वाढवून एक वॉश दे. ब्लॉक करायला बीएसए घेणार असशील तर जपून, साध्या बीएसएमध्ये गायीची आयजीजी थोडी असतेच आणि दूध पावडरमध्ये पण, आणि तू तर आयजीजी धरणारं प्रोटीन लावून बसलीयस. आयजीजी-फ्री लिहिलेला बीएसए मिळतो तोच घे.

पेडण्याची_पोर

बापरे, एवढं सविस्तर, खूप खूप आभार दोघांचे. वायलचं लेबल बघितलं, ट्रिस आहे!! कोणीच बघितलं नव्हतं. ढवळायला मॅग्नेटिक स्टररच होता दादा, बार काळा झालेला, आम्हाला वाटलं थोडं लागणारच.

ब्लँक ट्यूब लगेच लावली. प्रोटीन नसताना सुपरनेटंटचं २८० ला ०.४६ आलं आणि स्कॅनमध्ये २६० जवळ स्पष्ट टेकाड, ३५० ला पण थोडं रीडिंग राहतंच. गाईडना दाखवलं, त्यांनी मान्य केलं आणि ब्रॅडफर्ड लावायला सांगितलं.

मॅडम, प्युअर आयजीजी मागवायला सांगितलीय, यायला वेळ लागेल. तोपर्यंत बोकडाऐवजी दुसरं कुठलं सीरम मिळेल का? सशासाठी एथिक्स कमिटीची परवानगी लागते, ती या सेमिस्टरला शक्य नाही. आणि एल्यूशन पिवळं का आलं ते अजून कळलेलं नाही.

गुरांचा_डॉक्टर_साखळी

डुक्कर! गोव्यात राहून सशाच्या मागे कशाला लागायचं. डुकराची आयजीजी प्रोटीन-ए ला छान धरते, वर ताईंनी लिहिलंच आहे, आणि रक्त कत्तलीच्या वेळी असंही वाया जातं. फक्त कुठूनही आणू नकोस, जिथे जनावराची तपासणी होते तिथूनच घे. डुकराच्या रक्तातून माणसाला लागणारे आजार आहेत, स्ट्रेप्टोकॉकस सुईस, हेपटायटिस ई, लेप्टो, त्यामुळे ग्लोव्हज घाल, चष्मा लाव, हाताला कापलेलं खरचटलेलं असेल तर दुसऱ्या कोणाला हात लावायला सांग. उरलेलं ऑटोक्लेव्ह केल्याशिवाय सिंकमध्ये ओतायचं नाही.

रक्त घ्यायची पण एक रीत आहे, ती पाळली नाही तर सीरमच्या नावाखाली लाल पाणी हातात येतं. कोरड्या स्वच्छ भांड्यात घे, ओलं भांडं असेल तर पेशी फुटतात. हलवू नको, गाडीवरून आणताना पण कमी हिंदकळेल असं बघ. तासभर बाहेर राहू दे, गुठळी धरली की काचेच्या काडीने कडेने सोडव आणि रात्रभर फ्रीजमध्ये ठेव, गुठळी आकसते आणि पिवळं सीरम आपोआप बाहेर येतं. ते सेंट्रीफ्यूज करून ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरमधून काढ. लालसर आलं तर फेकून दे, हिमोग्लोबिन बीडला चिकटतं आणि तुझी सगळी रीडिंग बिघडवतं. सायट्रेट किंवा ईडीटीए घातलेलं रक्त घेऊ नकोस, त्यातून प्लाझ्मा मिळतो, त्यात फायब्रिनोजेन असतं, बीड्सभोवती ते जमलं की धुऊन निघत नाही, शिवाय ईडीटीए लोखंडाला पण ओढतो.

सीरम थोडंच लाव. मिलिलीटरमध्ये १० मिलिग्रॅमच्या आसपास किंवा त्याहूनही जास्त आयजीजी असते, तुझ्या १० मिलिग्रॅम बीड्सना ५० मायक्रोलीटर सुद्धा पुष्कळ झालं. पीबीएसमध्ये (फॉस्फेटच्या बफरमध्ये) पातळ करून दे.

फोंड्याचा_केमिस्ट

एक वेगळं मत मांडतो. एवढं ईडीसी, सल्फो-एनएचएस, सिलिका हे सगळं कशाला? प्रोटीन तसंही आयर्न ऑक्साईडवर आपोआप बसतं. नुसते न लेपलेले कण घ्या, प्रोटीन-ए मध्ये रात्रभर ठेवा, धुवा, वापरा. एमएस्सीच्या प्रोजेक्टला वेळ किती असतो? सल्फो-एनएचएस पण काही फुकट मिळत नाही. आमच्याकडे एन्झाइम असंच बसवून काम चालतं.

ताळगाव_पठार

एन्झाइमला चालेल, कारण तिथे तुम्ही पीएच २.८ चं ग्लायसीन ओतत नाही. इथे प्रत्येक वापराला अॅसिडने धुवायचं आहे. नुसतं चिकटलेलं प्रोटीन-ए त्या अॅसिडमध्ये अँटिबॉडीबरोबर सुटून येणार, मग हातात अँटिबॉडी आणि प्रोटीन-ए चं मिश्रण, आणि दुसऱ्या वापराला बीड उघडा. शिवाय पीबीएसमधला फॉस्फेट आयर्न ऑक्साईडला इतका घट्ट बसतो की चिकटलेलं प्रोटीन आणि सायट्रेट दोन्ही हळूहळू ढकलून काढतो. आणि न लेपलेले मॅग्नेटाईट ७ पीएचच्या आसपास चार्जच गमावतं, म्हणजे आपण नेमकं जिथे काम करतो तिथेच ते गोळा होतं. एका वापराचा डेमो दाखवायचा असेल तर तुमची पद्धत जलद आहे हे मान्य, पण तिला बीड परत परत वापरता येतो हे दाखवायचं असेल तर कोव्हॅलेंट जोडच लागेल.

पिवळ्या एल्यूशनचं उत्तर पण यातच आहे. सायट्रेटचा थर पातळ, अॅसिड थेट लोखंडाला लागतं आणि थोडं थोडं विरघळवतं. तपासायचं असेल तर त्या एल्यूशनचा एक थेंब टाईलवर घे, जरा अॅसिड आणि पोटॅशियम थायोसायनेटचा थेंब टाक, लालभडक झालं तर फेरिक आयन आहेतच. अँटिबॉडीला सुटं लोखंड चांगलं नाही, ऑक्सिडेशन होतं, साठवताना खराब होते. सिलिकाचं कवच अॅसिडला दाद देत नाही, म्हणून मी पहिल्यापासून सिलिका सिलिका करतोय. सिलिका झाली की एपीटीईएसने अमाईन बसव, मग सक्सिनिक अॅनहायड्राईडने त्याचं कार्बॉक्सिल कर, आणि तिथून पुढे तुझी नेहमीची ईडीसीची कृती. दोन पायऱ्या वाढतात खऱ्या, पण त्यातल्या कुठल्याच पायरीला प्रोटीन लागत नाही. महाग वस्तू शेवटी येते, तोपर्यंत कण पक्के करून घे.

एक अजून, सॉनिकेशनला बाथच वापर, प्रोब नको. आणि प्रोटीन लावल्यानंतर तर बाथ पण थोडाच, बर्फात.

फोंड्याचा_केमिस्ट

फॉस्फेटचा मुद्दा पटला. आमचं सगळं काम अॅसिटेट बफरमध्ये असतं, म्हणून तो त्रास कधी दिसला नसेल. सक्सिनिक अॅनहायड्राईडची स्टेप कोरड्या डीएमएफमध्ये कर मुली, पाणी असेल तर अॅनहायड्राईड आधी पाण्याशीच जुळतं. डीएमएफ हूडमध्येच उघड.

पेडण्याची_पोर

अपडेट द्यायला उशीर झाला, मध्ये चवथीची सुट्टी होती आणि नंतर लॅबचा सेंट्रीफ्यूज बंद पडला.

सिलिका केली. पहिला फरक म्हणजे मॅग्नेट लावला की ट्यूबची एक बाजू काळी होते आणि पाणी स्वच्छ, बघत राहावंसं वाटतं. थायोसायनेटची टेस्ट जुन्या एल्यूशनवर लालभडक आली, नवीन बीड्सच्या एल्यूशनवर अगदी फिकट गुलाबी. सल्फो-एनएचएसने रवा झाला नाही, थोडे बारीक पुंजके दिसतात पण बाथमध्ये अर्धा मिनिट धरलं की सुटतात. प्रोटीन-ए डायलिसिस करून ट्रिस काढलं. ब्रॅडफर्ड प्रोटीन-ए च्याच कर्व्हवर केलं, त्याप्रमाणे दिलेल्यापैकी अर्ध्याहून थोडं जास्त बीडवर बसलंय.

सीरम डुकराचं. डॉक्टरांनी सांगितलं तसंच काढलं, सुंदर पिवळं आलं. तीन ट्यूब लावल्या, प्रोटीन-ए चे बीड्स डुकराच्या सीरमला, तेच बीड्स बोकडाच्या सीरमला, आणि प्रोटीन न लावता नुसते इथेनॉलअमाईनने बंद केलेले बीड्स डुकराच्या सीरमला. जेलवर पहिल्या लेनमध्ये ५० आणि २५ दोन्ही बँड एकदम स्पष्ट, बोकडाच्या लेनमध्ये पुसटसे, नुसत्या बीडच्या लेनमध्ये ते दोन्ही नाहीत. अल्ब्युमिन तिन्हीकडे थोडा थोडा आहे, म्हणजे तो प्रोटीन-ए मुळे नाही, पृष्ठभागामुळेच आहे, बरोबर ना? गाईड म्हणाले बोकडाची लेन थीसिसमध्ये ठेव, तीच दाखवते की पकड खरोखर प्रोटीन-ए ची आहे. मला पण तेच वाटलं.

प्युअर आयजीजी आली की मॅडमनी सांगितलेला १०० मायक्रोग्रॅमचा हिशोब करणार आहे. आता एकच विचारायचंय, बीड्स साठवायचे कसे? सिनियर म्हणतो सुकवून ठेव, वर्षभर टिकतील.

वेर्णा_शिफ्ट

वा, तिसरी ट्यूब लावलीस हे फार चांगलं केलंस, बरेच जण तीच गाळतात. हो, अल्ब्युमिन पृष्ठभागाचाच. ट्वीनचा वॉश अजून एक वाढव आणि शेवटच्या वॉशनंतर बीड्स नवीन ट्यूबमध्ये घे, प्लास्टिकच्या भिंतीला चिकटलेला अल्ब्युमिन एल्यूशनमध्ये येतो, ट्यूब बदलली की बराचसा कमी होतो.

सुकवू नको, आणि फ्रीज पण करू नको. सुकले की कण एकमेकांवर बसतात ते परत पूर्ण सुटत नाहीत, वरचं प्रोटीन पण जातं. पीबीएसमध्ये ०.०२ टक्के सोडियम अझाईड आणि जरासं ट्वीन घालून ४ डिग्रीला, उभ्या ट्यूबमध्ये. खाली बसतील, बसू दे, वापरायच्या आधी हळू फिरवून घे.

अझाईडबद्दल मात्र नीट लक्ष दे. वापरायच्या आधी बीड्स दोनदा धुऊन अझाईड पूर्ण काढायचं आणि मगच ग्लायसीन, अझाईडला अॅसिड लागलं की हायड्राझोइक अॅसिड सुटतं, ते विषारी आहे. सिंकमध्ये पण ओतू नको, तांब्या-शिशाच्या पाईपमध्ये साठून त्याचे स्फोटक क्षार होतात, वेगळ्या बाटलीत जमा कर आणि लेबल लाव. पुढे एलायझा करणार असशील आणि एचआरपी वापरणार असशील तर तिथे पण अझाईड चालत नाही, एन्झाइम मरतं.

एल्यूशनच्या ट्यूबमध्ये आधीच एक दशांश भाग १ मोलर ट्रिस, पीएच ९ चं, घालून ठेव म्हणजे अँटिबॉडी बाहेर आली की लगेच न्यूट्रल होईल, अॅसिडमध्ये जास्त वेळ राहिली की ती गोळा होते. १०० मायक्रोग्रॅमचं करशील तेव्हा न धरलेला भाग, वॉश आणि एल्यूशन तिन्ही मोज, तिघांची बेरीज १०० च्या जवळ यायला हवी. नाही आली तर उरलेली आयजीजी अजून बीडवरच आहे, मग त्याच बीड्सना २.५ पीएचने परत एकदा एल्यूट करून बघ आणि आकडे इथे टाक.